अणुकेंद्र जास्त का टिकतं

“जुन्या सूत्रापेक्षा तुमचं अणुकेंद्र फारच जास्त टिकतंय. गणित चुकलंय का?” रेश्मा तडवीच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

तिच्या मार्गदर्शक लिमयेबाई उत्तर द्यायला अर्ध्या उठल्या. रेश्मानं त्यांना नजरेनंच थांबवलं आणि खडू उचलला.

“सर, अणुकेंद्रातून अल्फा कण बाहेर पडताना कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा आवेग, सोबत नेतो. त्यामुळे त्याच्या वाटेतला अडथळा उंचावतो आणि अणुकेंद्राचा क्षय लांबतो. जुन्या सूत्रात हे धरलंच नव्हतं. प्रयोगातही टिकण्याचा काळ माझ्या गणिताएवढाच भरलाय.” बोलता बोलता तिनं फळ्यावर जुन्या सूत्राचा आणि स्वतःच्या गणिताचा असे दोन्ही आलेख काढले.

परीक्षक उठून फळ्याजवळ आले. मग बाईंकडे वळून म्हणाले, “मॅडम, छान सुचवलंत.”

“मी नाही सुचवलं.” बाईंनी रेश्माकडे बोट दाखवलं. “मलाही हे तिनंच शिकवलं.”