कोठारातली आपडी-थापडी

काबूलच्या लढाईला निघालेली पलटण कल्याणला थांबली होती. भिवा आणि पंढरी, दोघेच शिपाई दारूगोळ्याच्या कोठारात शिरले आणि मागे दार धाडकन लागून अडकलं. आत मिट्ट काळोख. काडी ओढावी, तर सगळंच उडायचं.

"रडण्यापरीस आपडी-थापडी खेळू रं," भिवा म्हणाला.

खेळ असा रंगला की शेवटी दोघे एकमेकांचे दोन्ही कान धरून चाऊ-माऊ करत डोलायला लागले. हसून हसून पोटं दुखली.

"आता पुरे पंढऱ्या, मिशी नको ओढू!" भिवा खिदळला.

"मी कुठं? माझ्या दोन्ही हातांत तुझे कान हायत!"

भिवाचं हसू थांबलं. पंढरीचंही थांबलं.

तिसऱ्याचं काही केल्या थांबेना.