दुसरी कात

गोणपाटांचा गठ्ठा उलगडला तशी त्यातून सापाची कात पडली, आणि सिंधुबाई होत्या तिथंच मटकन खाली बसल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्यांच्या सुनेला, उज्वलाला, हसू आवरलं नसतं.

शिडीवर चढून माळ्यावरचं सामान खाली देणाऱ्या संतोषनं मान वळवून आईकडं बघितलं आणि पटकन तोंड फिरवून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. सकाळी झेंडू तोडताना नवरा-बायकोनं हे ठरवलं होतं. बांधावर एक जुनी कात पडली होती. ती माळ्यावर ठेवायची, म्हणजे आई घाबरेल आणि घट बसायच्या आधी एकदाचा माळा रिकामा होईल. दुसरा इलाजच नव्हता. सिंधुबाई दर नवरात्राला अख्खं घर धुऊन काढायच्या, गोधड्या पाटावर नेऊन आपटायच्या, पण माळ्याचं नाव काढलं की म्हणायच्या, राहू दे, लागतं कधी. पाती नसलेला पंखा कधी लागतो, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

आज मात्रा बरोबर लागू पडली होती. सिंधुबाईंनी बसल्या जागेवरूनच सांगून टाकलं की सगळं काढा, काही ठेवू नका, भंगारवाल्याला बोलवा. बोलताना त्यांची हनुवटी थरथरत होती. ते बघून उज्वलाला वाईट वाटलं. एवढं भिववायला नको होतं.

कात बाहेर टाकावी म्हणून तिनं वाकून ती उचलली, आणि तिची बोटं आखडली.

बांधावरची कात निम्मी फाटलेली होती, मातकट, धरली तर चुरा होईल अशी. ही अख्खी होती, तोंडापासून शेपटीपर्यंत. डोळ्यांच्या जागचे गोल पापुद्रेसुद्धा शाबूत होते. आणि ती मऊ होती, ओलसर. उज्वलानं ती टाकून दिली आणि वर बघितलं. माळ्याच्या कडेला फवारणीचा जुना पंप होता. त्याच्या पट्ट्याला संतोषनं सकाळी अडकवलेली कात तिथंच लोंबत होती.

गोणपाटं आली होती मागच्या कोपऱ्यातून, लग्नातल्या मोठ्या पातेल्यांच्या पलीकडून. संतोष आता त्याच कोपऱ्यात हात घालत होता.

"अहो, तिथं हात घालू नका."

संतोषनं खाली बघून डोळा मारला. बायकोला इतकं बेमालूम सोंग आणता येतं, हे त्याला आजच कळत होतं. घरात लांबडं शिरलंय म्हटल्यावर शोधायला नको का, असं तो आईला ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यानं म्हणाला आणि हात आणखी आत सारला.

उज्वलानं मान हलवली. मग सासूच्या पाठीमागून पंपाकडं बोट दाखवलं. संतोषला वाटलं, कातीचा फाटका तुकडा गोणपाटांबरोबर खाली गेला असेल, आणि उरलेली आईला दिसेल म्हणून ही सांगतेय. त्यानं शहाण्यासारखी मान डोलावली, पट्ट्यावरची कात ओढून सदऱ्याच्या खिशात कोंबली, आणि पुन्हा पातेल्यांच्या मागं हात घातला.

आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि बोलायचं म्हणजे सासूच्या देखत बोलायचं. लग्न होऊन आल्यापासून सिंधुबाई तिला कधी वेडावाकडा शब्द बोलल्या नव्हत्या. सुनेनं आपल्याला भिववून तमाशा बघितला, हे त्यांना इथंच, या क्षणी कळणार होतं. उज्वलाला लाज वाटत होती, आणि ती नुसती उभी होती. तेवढ्यात संतोषचा हात खांद्यापर्यंत आत गेला. त्याचा गाल माळ्याच्या कडेला टेकला होता आणि तो अजून हसत होता.

"आपली कात तुमच्या खिशात हाय," ती म्हणाली. "ही आपण ठेवलेली नाय. ही ओली हाय."

संतोषनं खिशाकडं बघितलं. मग खाली फरशीवर पडलेल्या कातीकडं. हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं होतं, पण त्यात आता काही नव्हतं. हात आत होता आणि बोटं नेमकी कुठं आहेत ते त्याला दिसत नव्हतं.

उज्वलाला सासूकडं बघायचं धाडस होईना. सिंधुबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. काय झालं होतं ते त्यांना सगळं समजलं होतं. त्या शिडीपाशी आल्या आणि त्यांनी मुलाचा पाय घोट्यापाशी घट्ट धरला. त्यांची हनुवटी आता थरथरत नव्हती.

"मला हसायचं ते मागून हसा," त्या म्हणाल्या. "संतोष, हात ओढू नको. हाय तसा राहा."

संतोष हलला नाही. त्याच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरला, तो त्यानं पुसला नाही. उज्वलानं दोन्ही हातांनी शिडी धरली होती. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी फुलांचे क्रेट भरलेला टेम्पो घेऊन गेलं. त्याची घरघर लांब जाऊन विरली.

मग आत, कोपऱ्यात, पातेल्यावर पातेलं घासलं.

"ते मी नाय हलवलं, आई," संतोष म्हणाला.