जिन्यावरचं गाणं

“दोन तासांत येते, आई. बेल वाजली तर आवाज देऊ नका,” सून दाराच्या फटीतून म्हणाली.

“आवाज देऊन तरी काय करू? किल्ली तुझ्याकडे,” सासूबाई म्हणाल्या.

सून हसली. बाहेरून कुलूप लागलं.

घर चौथ्या मजल्यावर होतं, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. मुलगा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं. मुलगा याच जिन्यावरून पडला होता, म्हणून वर येईपर्यंत त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. त्याला आता चौदा महिने झाले. त्या एकदाही खाली उतरल्या नव्हत्या.

सून आधीही गायची. स्वतःच लिहायची, स्वतःच चाली लावायची. पण समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. मग नवरा गेला आणि पाच महिन्यांत तिचा ‘मागे राहिलेली’ हा अल्बम आला. अकरा गाणी, अकराही त्याच्यावरची. बघता बघता ती गाणी बसमध्ये, केस कापायच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकांवर, जिथे तिथे वाजू लागली. ज्यांचं कुणी गेलं होतं ते रडले, ज्यांचं कुणी सोडून गेलं होतं तेही रडले. शीर्षकगीत तर शाळेतल्या पोरींनाही पाठ होतं:

वळणावरचा दिवा गेला, सातवी पायरी ओली होती,
हात पुढे तू केलास तेव्हा हाताशी भिंतही नव्हती.

लोक येऊन सातव्या पायरीवर फुलं ठेवायचे. शेजारी आधी कुरकुरले, मग फुलं ओलांडून जायला शिकले.

सासूबाई सुरुवातीला भडकल्या होत्या. “माझ्या लेकाचं मरण चव्हाट्यावर मांडलंस,” असं त्या तोंडावर म्हणाल्या होत्या. सून पायाशी बसली आणि म्हणाली, “मला दुसरं काही येत नाही, आई.”

पुढे पुढे त्या गाण्याशिवाय त्यांना चैन पडेना. मुलगा पडला तेव्हा त्या दुसऱ्या गावी होत्या. शेवटच्या क्षणी काय झालं, हे कुणीच त्यांना धड सांगितलं नव्हतं. गाण्याने सांगितलं. दिवा गेला, पायरी ओली, हात पुढे केला. रोज दुपारी त्या गाणं लावायला सांगायच्या आणि मनातल्या मनात तो पुढे आलेला हात धरायच्या.

सून त्यांचं सगळं करायची. गोळ्या वेळच्या वेळी, आंघोळीला गरम पाणी, गुडघ्यांना शेक. फक्त त्यांचा फोन तिने स्वतःकडे ठेवला होता. पत्रकार तुम्हालाही सोडायचे नाहीत, म्हणायची. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने दोनदा निरोप धाडला, माझ्याकडे ये, माझं घर तळमजल्यावर आहे. सुनेने तो निरोप सांगितला आणि पुढे म्हणाली, “तुम्ही गेलात तर मला कोण आहे?” खिडक्यांना जाड पडदे होते, कारण समोरच्या गच्चीवरून कुणीतरी फोटो काढायचं. सासूबाईंनी त्या पडद्यावरची पानं मोजली होती. तीनशे बारा.

सून परतली ती एकटी नव्हती. मागून स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट धापा टाकत वर आला. पन्नाशीचा, पिकल्या दाढीचा, खांद्याला पिशवी. अल्बम त्यानेच ध्वनिमुद्रित केला होता.

“हे खालीच भेटले. चहा टाकते,” सून म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. रेडिओवर तिची थेट मुलाखत होती. “पाच मिनिटं हं,” म्हणत ती आतल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. आतून तिचा घोगरा, मऊ आवाज येऊ लागला. दुःख माणसाला खरं करतं, असं काहीतरी ती सांगत होती.

रेकॉर्डिस्टने पिशवीतून तळहाताएवढं यंत्र काढलं.

“काकू, हा ताईंचा घरचा जुना रेकॉर्डर. बिघडलाय, फेकून द्या म्हणाल्या होत्या. मी गुपचूप दुरुस्त केला. आत काय निघालं माहितीये? शीर्षकगीत! पहिल्यांदा गायलेलं, कच्चं. ताईंना चकित करायचंय.”

“तुम्ही ऐकलंत?”

“पहिल्या दोनच ओळी. म्हटलं, पहिला मान आईचा.”

त्याने हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले आणि बटण दाबलं.

वाद्यवृंद नव्हता. नुसती गिटार, जराशी बेसूर, आणि मागे पंख्याची घरघर. सून हळू आवाजात, शब्द चाचपत गात होती. वळणावरचा दिवा गेला. एका जागी थांबली, ‘सहावी’च्या जागी ‘सातवी’ केलं, पुन्हा गायली. सातवी पायरी ओली होती. सासूबाईंचे डोळे भरून आले. किती एकटी असेल पोर तेव्हा, त्यांना वाटलं. एवढे दिवस आपण हिच्यावर मनातून राग धरला.

शेवटची ओळ संपली. आता हुंदका येईल म्हणून त्यांनी श्वास रोखला. हुंदका आला नाही. वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. दाराची कडी वाजली. मग कुणीतरी आत आलं आणि त्यांच्या मुलाने विचारलं, “दार लावून काय लिहीत बसलीस गं? चल, चहा गार होतोय.”