अर्धं फूल

युद्धात शहराला वेढा पडला, नाणी संपली, तेव्हा तांबटाने पहिलं नाणं बायकोच्याच ताटातून कापलं. कित्येक वर्षांनी, जन्मभर शोधून मिळालेलं ते नाणं एका संग्राहकाच्या मुठीत घामेजलं होतं. खरं की बनावट? तांबटाच्या म्हाताऱ्या लेकीने ते भोकाचं ताट पुढ्यात ठेवलं. भोकापाशी कोरलेलं फूल अर्धंच होतं. नाण्याच्या पाठीवरही अर्धंच. श्वास रोखून त्याने नाणं भोकात दाबलं. पाकळ्या जुळल्या. अस्सल! पण आता ते निघेना. नखं लावून झाली, ताट आपटून झालं. “नाणं परत येईल म्हणत आईने ताट कधी बदललं नाही,” म्हातारी म्हणाली. “पातळ वाढलं की गळायचं. जन्मभर कोरडंच जेवली.” तिने वडिलांची हातोडी पुढे केली. “मागून ठोका, निघेल. तुमचंच आहे.” त्याने ताट पालथं घातलं, थबकला, मग सुलटं करून नाणं ठोकून पक्कं बसवलं.