चाळीस श्रोत्यांचा अंक
“स्टेन्सिल जिवापाड जप, वच्छला. मी नाही आलो तं सौंसरले नेऊन छाप. चाळीस श्रोते वाट पाहून राहिले.” नागपूरच्या दवाखान्यात जाताना हे एवढंच बोलले. रेडिओवरच्या गाण्यांच्या वेडापायी हे आपल्यासारख्याच श्रोत्यांसाठी स्वतः लिहून अंक काढत, स्टेन्सिल कोरून झालं की कच्चे कागद चुलीत घालत. हे परतले नाहीत. तेरवी झाल्यावर मी पांढुर्ण्याहून सौंसरच्या शाळेत गेले. तिथल्या कारकून बाबूंनी ते मेणकागदाचं स्टेन्सिल प्रती काढायच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर चढवलं. पान कोरंच निघालं. “वहिनी, मेण वितळून अक्षरं बुजली. कुठं ठेवलं होतं?” “देवघरात, नंदादीपापाशी.” “मंग देवानंच वाचलं म्हणा!” बाबू हसले अन् माझ्याकडे पाहून यंत्र पुसू लागले. स्टेन्सिल कोरताना हे मला प्रत्येक ओळ वाचून दाखवायचे. मी माळ ओढत नुसती मान हलवायची. आता त्यातल्या चारच ओळी आठवल्या. मी चाळीस कोरे कागद मागितले आणि बाकावर लिहायला बसले.