सदतिसावा

भडगावच्या शाळेत कोकिळाच्या वर्गात सदतीस पोरं होती. गुरुजी विभाजक शिकवायचे ते मैदानात, रांगा लावून. दोनदोनच्या लावा, तीनतीनच्या लावा, सहासहाच्या लावा, एक जण उरायचाच.

"मूळ संख्या अशीच हट्टी असते," गुरुजी म्हणायचे. "बोला, कोण उरलं?"

दर वेळी नवलच आपणहून बाजूला व्हायचा. "मी उरस, गुरुजी."

यंदाच्या उन्हाळ्यात नवल गेला. दिवाळीनंतर, शाळा सुटल्याच्या तीस वर्षांनी, वर्ग पुन्हा मैदानात जमला. छत्तीसच्या छत्तीस आले. निंबाखाली खुर्चीत बसलेल्या गुरुजींना आता नीट दिसत नव्हतं. ते म्हणाले, "छत्तीस ना? मग लावा सहासहाच्या रांगा. आज कोणी उरायचं नाही."

सुटलेली पोटं सावरत, हसत सगळे पळाले. कोकिळा चपला काढून ठेवत होती, म्हणून शेवटी पोचली.

सहा रांगा लागल्या होत्या. तिने एकेक मोजली. प्रत्येकीत सहा जण होते. शेवटचीतसुद्धा. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या.

"बोला, कोण उरलं?" गुरुजींनी सवयीनं विचारलं.

रांगांमधून एक कोवळा, ओळखीचा आवाज आला.

"आज कोकिळा उरनी, गुरुजी."