आधी जेवून घे

गाडीच्या पुढच्या कप्प्यात बंद करून ठेवलेला एक मोबाइल.

उसाच्या सरीत रुतलेली डाव्या पायाची चप्पल.

वडूजच्या अलीकडे एका वस्तीवर सांज झाली तरी न पेटलेली चूल.

खानावळीतलं एक ताट. भाकरी तशीच, कांदा तसाच.

"खा रं," शिवतेज म्हणाला आणि त्यानं भडंगाचा दुसरा पुडा तानाजीच्या हातात कोंबला.

सांगलीच्या स्टँडवर तानाजी पुण्याच्या एसटीतून उतरला, तेव्हा शिवतेज आणि साईराज गाडी लावून उभे होते. कॉलेजची सगळी वर्षं तिघांनी एका खोलीत काढली, पण शिवतेज कुठं वेळेवर पोचल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आज तो आधीच हजर होता. त्यानं मिठी मारली आणि लवकर सोडलीच नाही.

तानाजी दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता. जुन्या दोस्तांबरोबर पुलावरची हवा, विश्रामबागची गर्दी, रात्री मटण, असं त्यानं ऑफिसात सांगितलं होतं. खरं काम वेगळं होतं. शिवतेजची बहीण स्वप्नाली आणि तो, दोन वर्षं झाली. तिच्या घरचा नदीकाठचा ऊस. याचा बाप अर्जुना अजून मेंढरांमागं फिरणारा.

"दादाला तूच सांग," स्वप्नाली म्हणाली होती. "दुसऱ्याकडनं कळलं तर तुझं काय खरं न्हाई."

गेल्या वर्षी त्यांच्या भावकीतल्या एका मुलीशी बोलणारा पोरगा कॅनॉलमध्ये सापडला होता. पाय घसरला, असं ठरलं.

"फोन दे इकडं," गाडीत बसल्या बसल्या शिवतेज म्हणाला.

"कशाला?"

"आज फोनबिन काय न्हाई. आपण तिघंच."

त्यानं फोन बंद करून पुढच्या कप्प्यात टाकला. तानाजी हसला, पण हसू गालातच अडकलं.

आयर्विन पुलावर पोरापोरींची गर्दी होती. खाली कृष्णेच्या पाण्यात दिवे हलत होते. कुणीतरी गिटार वाजवत होतं, कुणी कणसं भाजत होतं. साईराज, ज्याचं तोंड झोपेतसुद्धा मिटत नसे, कठड्याला टेकून गप्प उभा होता.

"काय रं, बायकोनं हाणलं का काय?" तानाजीनं विचारलं.

साईराज कणसं घ्यायला वळला.

"म्हाताऱ्याशी कवा बोललास?" शिवतेजनं मधेच विचारलं.

"अर्जुनाशेठशी? परवा. का रं?"

"असंच. काय म्हणत हुता?"

"कवा येतुयास म्हणून विचारत हुता. आणि काय."

तानाजीला वाटलं, हा माझ्या घरची माहिती काढतोय.

विश्रामबागेत भेळ झाली. मग खानावळ. तानाजीनं मटणाचं ताट सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिवतेज म्हणाला, "मटण नको आज. पिठलं, भाकरी, भात आण."

"आरं, मी पुण्यासनं पिठलं खायला आलोय व्हय?"

"आज नको म्हणलं न्हवं."

ताटं आली. शिवतेजनं आपल्या ताटाला हातही लावला नाही. तानाजीच्या पानात मात्र तो वाढायला सांगत राहिला. अजून अर्धी घे. भात घे. दही घे. बळीच्या बोकडासारखं चारतोय हा, तानाजीच्या मनात आलं आणि त्यानं पुढचा घास पाण्याबरोबर गिळला.

हात धुवायला तो मागं गेला. भिंतीपलीकडं शिवतेज फोनवर दबक्या आवाजात बोलत होता.

"न्हाई, त्याला काय म्हाईत न्हाई अजून. जेवलाय आता. घेऊन निघतो. सगळी जमल्यात न्हवं? आमी येईस्तोवर काय करू नका."

तानाजीनं नळ सोडला आणि तसाच वाहू दिला.

गाडी मुक्कामाच्या खोलीकडं वळली नाही. माधवनगर मागं पडलं, तसे दिवे विरळ झाले. पुढं हाच रस्ता विट्यावरून वडूजकडं, तानाजीच्या गावाकडं जातो. त्याच्या डोक्यात मात्र त्याआधी वाटेत लागणारा शिवतेजच्या चुलत्याचा ऊस होता. दोन्ही बाजूंना काळी पाती सळसळत होती.

"कुठं चाललोय?"

साईराजनं गिअर बदलला.

"साईराज, घे बाजूला," थोड्या वेळानं शिवतेज म्हणाला. इंजिन बंद झालं. तो मागं वळला आणि त्यानं तानाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "ताना, पोटभर जेवलास न्हवं?"

"शिवा, स्वप्नालीचं मी आज तुला सांगणारच हुतो."

"म्हाईत हाय मला. लय दिवसांपासनं म्हाईत हाय. ते ऱ्हाऊ दे आता."

तानाजीनं दार ढकललं आणि तो उसात घुसला. पात्यांनी तोंड कापलं. चप्पल रुतली, ती तशीच सोडली. मागं मोबाइलच्या बॅटऱ्या फिरू लागल्या.

"ताना, थांब लेका," शिवतेजचा आवाज फाटला होता. "तुझ्याबिगर काय होत न्हाई तिथं. सगळी थांबल्यात तुझ्यासाठी."

तानाजी सरीत पालथा पडून राहिला, तोंडात माती गेली तरी हलला नाही. आवाज लांब गेले. परत आले. शेवटी गाडी गेली.

उजाडता उजाडता एका दुधाच्या टेम्पोनं त्याला हायवेला सोडलं, तिथून पुण्याचा ट्रक मिळाला. साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर ऊन आलं होतं. उजव्या हाताला कोरेगाव-वडूजचा फाटा आला आणि मागं गेला. सुटलो, असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

आदल्या दिवशी दुपारी अर्जुना मेंढरांमागं चालता चालता कोसळला आणि रानातच गेला होता, आणि पोरगं जेवल्याबिगर त्याला काय सांगू नका, असं तानाजीच्या आईनं शिवतेजला फोनवर सांगितलं होतं.